पाटीलमधला ‘ल’

मार्चमध्ये सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आवक भरात आली की तिथला रंग अंगाला लागल्याशिवाय कुणी परत येत नाही. हमालांच्या भुवयांवर, काट्याच्या दांडीवर, चहाच्या पेल्याच्या कडेवर, संगणकाच्या कळफलकाच्या फटींत सगळीकडे तीच पिवळी पूड असते आणि तो उग्र, मातकट वास घरी आल्यावरही बराच वेळ नाकात राहतो. दाजींच्या अडत दुकानात मी त्या दिवशी अक्काने दिलेला जेवणाचा डबा पोचवायला गेले होते. सौदे नुकतेच आटोपले होते, पोत्यांची वजने चालली होती, आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला माझा भाचा स्वतः सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये एकेक नोंद भरत बसला होता: शेतकऱ्याचे नाव, गाव, पोती, वजन, दर. एंटर दाबले की पडद्यावर ‘नोंद झाली’ असे उमटत होते. तेवढ्यात वीज गेली. यूपीएसने बारीक आवाज काढून लगेच मान टाकली, कारण त्याची बॅटरी बदलायची गेल्या हंगामापासून राहून गेली होती. वीज परत आल्यावर भाच्याने दिवसाची फाइल उघडली, तेव्हा सकाळच्या नोंदी होत्या, पण सगळ्या नव्हत्या. यादी मध्येच तुटली होती. शेवटच्या ओळीत ‘पाटी’ एवढेच होते आणि त्यापुढे तिरक्या काळ्या चौकोनात एक पांढरे प्रश्नचिन्ह.

दिवाणजी गादीवरून उठून आले, चष्मा सावरून पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “हितं मगाशी ‘नोंद झाली’ म्हणून आलं होतं की. मग झाली म्हंजे कुठं झाली?”

भाच्याकडे उत्तर नव्हते. तोलाईदाराच्या वहीवरून दुपारपर्यंत सगळ्या नोंदी पुन्हा भरून झाल्या, कुणाचे पैशाचेही नुकसान झाले नाही, आणि यार्डापुरता तो विषय तिथेच संपला. मला मात्र दिवाणजींचा प्रश्न सोडेना. प्रोग्रॅम लिहिण्यावर माझे पोट चालते, आणि त्या धंद्यात हा प्रश्न इतक्या साध्या शब्दांत मला कुणी विचारल्याचे आठवत नाही.

संध्याकाळी भाचा ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन विश्रामबागेत आमच्याकडे आला. मी नोंदी वाचण्याच्या भानगडीत न पडता आधी फाइलचा आकार पाहिला. तो बरोबर ८१९२ बाइट होता. माणसांनी भरलेल्या याद्या अशा आकड्यावर आपण होऊन थांबत नाहीत. ४०९६ ची दुप्पट ८१९२, आणि ४०९६ हा आकडा संगणकाच्या पोटात जागोजागी भेटतो, म्हणजे यादी कुठे तुटायची हे नोंदींच्या मजकुरावरून ठरले नव्हते, कुठल्या तरी साठवणीच्या मापावरून ठरले होते. भाच्याला आकड्यापेक्षा त्या प्रश्नचिन्हाचे जास्त नवल वाटत होते. “मावशी, अक्षर एकतर लिहिलं जाईल नाहीतर नाही. निम्मं अक्षर कसं काय लिहिलं गेलं?” त्याचे म्हणणे त्याच्या जागी रास्त होते, कारण त्याने अक्षरे लिहिली होती, फाइलमध्ये जातात ते बाइट. अक्षरे बाइटमध्ये मांडण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, मग ते अक्षर असो, काना असो वा अनुस्वार, तीन बाइट लागतात. ‘ल’चे तीन बाइट सोळा-आधारी आकड्यांत ई०, ए४ आणि बी२ असे आहेत. फाइलची शेपटी आम्ही कच्च्या बाइटच्या रूपात काढून पाहिली, तर शेवटी ई० आणि ए४ होते आणि बी२ नव्हता. गंमत अशी की ‘अ’पासून ‘ह’पर्यंतच्या सगळ्या अक्षरांचे पहिले दोन बाइट तेच असतात, अक्षर कोणते हे तिसरा बाइट सांगतो. त्यामुळे त्या फाइलला पुढे देवनागरी अक्षर आहे एवढे ठाऊक होते, कोणते ते ठाऊक नव्हते. (नुसत्या देवनागरी मजकुराचे ८१९२ बाइट घेतले तर तीनने भागून दोन बाइट उरतातच. या यादीत मोकळ्या जागा आणि इंग्रजी आकडेही होते, म्हणून इथे दोन उरले हा योगायोगच म्हणायचा.) सांगली जिल्ह्यात ‘पाटी’पुढे कोणते अक्षर येते हे सांगायला संगणक लागत नाही, असे मी हसून म्हटले.

“अक्षर कळलं गं, पण कुठले पाटील?” भाचा म्हणाला.

सकाळपासूनच्या यादीत पाटलांना तोटा नव्हता.

उरलेल्या नोंदी कुठे गेल्या ते पाहायला आम्ही त्याच्याच लॅपटॉपवर त्याचाच प्रोग्रॅम ‘एसट्रेस’खाली चालवला. लिनक्सवरचे हे साधन एखादा प्रोग्रॅम कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, नेमकी काय काय मागणी करतो ते ओळीओळीने दाखवते. ज्याने आपला प्रोग्रॅम त्यातून कधी पाहिलेला नाही, त्याला तो प्रोग्रॅम आपण लिहिला असे म्हणायचा अर्धाच हक्क आहे, असे माझे जरा टोकाचे मत आहे. सुरुवातीला ‘ओपन’ची ओळ आली आणि कर्नलने उत्तरात ३ हा आकडा दिला. तो त्या फाइलचा क्रमांक, फाइल डिस्क्रिप्टर. ०, १ आणि २ हे कळफलक, पडदा आणि चुकांचे संदेश यांच्यासाठी आधीच दिलेले असतात आणि नव्या फाइलला सर्वांत लहान रिकामा आकडा मिळतो. मग भाच्याने नोंद भरली. एसट्रेसच्या खिडकीत लगेच एक ओळ आली, पण ती होती १ क्रमांकावर ‘राइट’ केल्याची, म्हणजे पडद्यावर ‘नोंद झाली’ लिहिल्याची. ३ क्रमांकावर काहीच नाही. दुसरी नोंद भरली, पुन्हा पडद्यावरचा संदेश तेवढा गेला. तो भरत राहिला, मध्येच मालाच्या रकान्यात मुद्दाम ‘हळद हळद हळद’ असे लांबलचक टाकू लागला, आणि ३ क्रमांक गप्पच होता. बऱ्याच वेळाने एकदम एक ओळ उमटली: राइट, ३, मग अवतरणात \३४०\२४४\२७१\३४०\२४४\२६३\३४०\२४४\२४६ असे आठ-आधारी आकडे, म्हणजे कर्नलला दिसणारी ‘हळद’, आणि शेवटी ४०९६, बरोबर चिन्ह, ४०९६.

भाचा खुर्चीतल्या खुर्चीत पुढे सरकला. त्याने ‘एफप्रिंटएफ’ हे फाइलमध्ये लिहिणारे फंक्शन वापरले की मजकूर कर्नलपर्यंत जातो अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात तो सी भाषेच्या लायब्ररीपर्यंत जातो, आणि लायब्ररी तो प्रोग्रॅमच्याच मेमरीत, बफर नावाच्या राखीव जागेत साठवत राहते. ती जागा भरली की मगच एक ‘राइट’ होतो. पडद्यासाठी नियम वेगळा असतो: समोर माणूस बसला आहे हे ओळखून लायब्ररी ओळ संपली की लगेच मजकूर पुढे पाठवते, आणि फाइल असेल तर थांबते. म्हणून नोंद अजून प्रोग्रॅमच्या बाहेरही पडलेली नसताना ती झाल्याची बातमी मात्र पडद्यावर पोचत होती. दोन्ही ओळी भाच्याने एकाखाली एक लिहिल्या होत्या आणि दोन्ही त्याच क्रमाने चालल्याही होत्या. त्याच्या कोडमध्ये कुठेही खोटे लिहिलेले नव्हते.

आम्हाला कॉलेजात फाइल हा विषय अभ्यासक्रमाच्या अगदी शेपटाला होता. टर्बो सीचा निळा पडदा, बाहेर काढलेल्या चपलांची रांग, वातानुकूलित लॅबमधला तो प्लॅस्टिक आणि धूळ यांचा मिश्र वास, जाड काचेच्या पडद्याजवळ हात नेला की उभे राहणारे केस, हे सगळे मला स्पष्ट आठवते, पण फाइलच्या धड्याविषयी एवढेच आठवते की तो घाईत उरकला गेला, कारण प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सह्या राहिल्या होत्या. ‘एफओपन’ करा, ‘एफक्लोज’ करायला विसरू नका, तोंडी परीक्षेत विचारतात, असे सांगितले जाई. विसरलो तर काय होईल हे कुणी सांगत नसे आणि आम्हीही विचारत नसू. त्या शिक्षकांना दोष द्यावासा वाटत नाही. त्यांनाही कुणी तसेच शिकवले असणार आणि जेमतेम तासाभरात तीसेक पोरांचे कंपायलरचे रडगाणे त्यांना ऐकायचे असे. तरीही एक खंत राहते. ज्या वयात ‘हे जाते कुठे?’ असे विचारायची खोड असते, त्या वयात आम्हाला फंक्शनांची नावे पाठ करायला मिळाली. सिस्टीम कॉल, म्हणजे कर्नलकडे केलेली मागणी, हे काय प्रकरण आहे ते मला नोकरीत लागल्यावर, एका रात्रपाळीत, सर्व्हरचा लॉग का अर्धवट आहे ते शोधताना कळले.

लायब्ररी एवढी लपवाछपवी करते ती कुणाला फसवायला नव्हे. प्रोग्रॅमला डिस्कला हात लावायची मुभाच नसते. तो साध्या हक्कांवर चालतो आणि डिस्क, पडदा, नेटवर्क या सगळ्यांची सूत्रे कर्नलच्या हाती असतात. त्याच्याकडे मागणी करायची तर प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टर नावाच्या छोट्या जागांपैकी एका ठरलेल्या जागेत मागणीचा क्रमांक ठेवायचा, बाकीच्या रजिस्टरांत तपशील ठेवायचा आणि एक खास सूचना चालवायची. आजच्या ६४-बिट इंटेल धर्तीच्या लिनक्सवर ‘रीड’चा क्रमांक ०, ‘राइट’चा १, ‘ओपन’चा २ आणि ‘क्लोज’चा ३ आहे. इतक्या ठिकाणी इतके काही साठवणाऱ्या यंत्राच्या मुळाशी या चार लहान आकड्यांचे व्यवहार आहेत, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला उगीचच आनंद झाला होता. पण प्रत्येक मागणीच्या वेळी प्रोसेसरला हक्क बदलून आत जावे लागते आणि परत यावे लागते, आणि प्रत्येक अक्षरासाठी असे केले तर प्रोग्रॅम रडतखडत चालतो. ते टाळायला लायब्ररी मजकूर जमवून एकदम पाठवते. वेगाच्या दृष्टीने हे उपकारच आहेत. फक्त मधल्या वेळात वीज गेली किंवा प्रोग्रॅम कोसळला तर जमवलेले सगळे त्याच्याबरोबर जाते, एवढी अट त्यात लिहिलेली आहे आणि ती वाचायला कुणी जात नाही.

हे चार व्यवहार युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीममधून आले. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या छोट्या यंत्रावर त्याची सुरुवात केली आणि १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत ही चारही नावे आहेत. त्यांच्या काळातल्या बऱ्याच मोठ्या यंत्रांवर फाइल म्हणजे ठरावीक लांबीच्या नोंदींचा गठ्ठा असे आणि तिची मोजमापे व्यवस्थेला आधी सांगावी लागत. युनिक्सने फाइलला कसलाच आकार ठेवला नाही. बाइटची एक रांग, बस्स. त्यात हळदीचा दर आहे की गाणे, हे कर्नल विचारत नाही. यामुळे फार मोठी मोकळीक मिळाली, पण नोंद कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे जाणणारा कर्नलच्या बाजूला कुणी उरला नाही, आणि म्हणून ‘ल’चे दोन तुकडे करताना त्याला काही वाटायचे कारणही उरले नाही. हाच थॉम्प्सन पुढे १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात रॉब पाइकसोबत जेवायला बसला असताना टेबलावरच्या कागदावर यूटीएफ-८ ची रचना मांडत होता. त्या रचनेत कुठल्याही बाइटकडे पाहून तो अक्षराचा पहिला बाइट आहे की मधला, हे ओळखता येते. अक्षर तुटले तर तुटल्याचे कळते आणि पुढचे अक्षर सुखरूप राहते. भाच्याच्या पडद्यावर प्रश्नचिन्ह आले ते त्यामुळेच.

राइटच्या त्या ओळीत बरोबर चिन्हानंतर जो आकडा येतो, त्याच्याविषयी मला भाच्याशी जास्त बोलायचे होते. कर्नल मागणीला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देत नाही. किती बाइट घेतले ते सांगतो. ४०९६ द्यायला जावे आणि त्याने १२०० घेतले असे सांगावे, असे घडू शकते, आणि मग उरलेले पुन्हा देणे हे आपले काम असते. उणे एक आला तर काहीतरी बिघडले, आणि काय बिघडले ते ‘एररनो’ या चुकीचा क्रमांक ठेवणाऱ्या जागेत पाहायचे. मी पाहिलेल्या बहुतेक कोडमध्ये हा आकडा कुणी हातातही धरत नाही. कंपायलर ‘अहो, हे उत्तर तुम्ही वाचलेच नाही’ अशी कुरकुर करतो, तर लोक उत्तर वाचण्याऐवजी कुरकुर बंद करायचा पर्याय शोधतात. लिनक्सवर ‘/डेव्ह/फुल’ नावाची एक नामी खोटी फाइल असते. तिच्यात लिहायला गेले की प्रत्येक वेळी २८ क्रमांकाची चूक येते: जागा शिल्लक नाही. भाच्याला मी दिवसाच्या फाइलऐवजी ती फाइल द्यायला सांगितली. त्याने नोंद भरली. ‘नोंद झाली.’ आणखी एक भरली. ‘नोंद झाली.’ ज्या फाइलमध्ये एक बाइटही मावत नाही, तिच्यात त्याचा प्रोग्रॅम निवांतपणे हळद विकत होता. एसट्रेसमध्ये पुढे उणे एक आला, तोही कुणी वाचला नाही.

आता बफर लगेच मोकळा करणारी ‘एफफ्लश’ची ओळ घातली की झाले, असे भाच्याला वाटले. तिथे मला सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे आठवली. माझे आजोबा हळदीच्या पेढीवर होते आणि पेवांच्या गोष्टी त्यांच्याकडून ऐकतच मी मोठी झाले. हरिपूरच्या चिकण मातीत खोल खड्डा घ्यायचा, तोंड अरुंद आणि पोट मोठे, आतून पाला-चटया लावायच्या, हळद भरायची आणि तोंड दगड-मातीने बंद करायचे. आत ती वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. पेव उघडल्यावर कुणी लगेच खाली उतरत नसे, आतली कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ देत. आजोबा सांगत की व्यापाऱ्याच्या हाती पावती पडली म्हणजे माल त्याच्या नावावर झाला, ती पावती पुढे विकलीही जाई, पण हळद कधी कधी तेव्हा अजून पेढीच्या ओट्यावरच असे, आणि वळवाचा पाऊस आला की पावती कोरडी राहून माल भिजत असे. ‘= ४०९६’ ही कर्नलची पावती आहे. त्याने ते बाइट घेतले, पण डिस्कवर नाही, स्वतःच्या मेमरीतल्या पेज कॅश नावाच्या तात्पुरत्या साठ्यात. पावती खोटी नाही: त्या क्षणापासून दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमने ती फाइल वाचली तर त्याला नवा मजकूरच मिळेल, आणि लिहिणारा प्रोग्रॅम नंतर मेला तरी मजकूर मरत नाही. यंत्राचीच वीज गेली तर मात्र जातो. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत कर्नलचे कामगार दर ५ सेकंदांनी जागे होतात आणि ३० सेकंदांहून जुनी झालेली न उतरवलेली पाने, म्हणजे मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे, डिस्कवर उतरवतात. दुकानातल्या फाइलचे पहिले ८१९२ बाइट वाचले ते सकाळीच कर्नलकडे गेले होते आणि वीज जाईपर्यंत डिस्कवर उतरले होते म्हणून. फाइल बंद केली म्हणजे तरी ती डिस्कवर जाते, हाही समज चुकीचा आहे. ‘क्लोज’च्या माहितीपानात तसे स्वच्छ लिहिले आहे.

डिस्कवर उतरवून घेतल्याशिवाय मला उत्तर देऊ नकोस, असे कर्नलला सांगायला ‘एफसिंक’ आहे. भाच्याने प्रत्येक नोंदीनंतर आधी एफफ्लश, मग एफसिंक आणि त्याचे उत्तर ० आले तरच संदेश, असा क्रम लावला. फाइल त्या दिवशी नव्याने तयार झाली असेल, तर ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरलाही एफसिंक करावे लागते, नाहीतर मजकूर डिस्कवर आणि त्याचे नाव मात्र कुठेच नाही, असे होऊ शकते. हे ऐकून त्याने कपाळाला हात लावला. वेगाची मला काळजी नव्हती. दुकानातल्या जुन्या फिरत्या डिस्कची चकती मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८ मिलिसेकंद; एफसिंकला असे काही फेरे जरी लागले, तरी हळदीच्या पोत्याचे वजन होऊन दर पुकारला जाईपर्यंत ती डिस्क रिकामी बसलेली असते. बँकेच्या किंवा रेल्वेच्या यंत्रणेत हे गणित अजिबात इतके सोपे नसते आणि तिथे लोक याच काही मिलिसेकंदांसाठी वर्षानुवर्षे डोके फोडतात.

हा संभ्रम आमच्या अडत दुकानापुरता नाही, याचे मला थोडे समाधान वाटले आणि थोडी भीतीही. २००९ मध्ये ‘एक्स्ट४’ ही फाइल मांडणी नवी होती, तेव्हा यंत्र अचानक बंद पडल्यावर लोकांच्या कित्येक फाइल नाव जागेवर आणि आकार शून्य अशा सापडू लागल्या. नवी मांडणी डिस्कवरची जागा शक्य तितकी उशिरा ठरवत होती, आणि बरेच प्रोग्रॅम एफसिंक न करताच जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवत होते. चूक कुणाची यावर मोठा वाद झाला. नियमाप्रमाणे कर्नलवाले बरोबर होते, आणि तरीही शेवटी सैल प्रोग्रॅमांना सांभाळून घेणारी सोय त्यांनाच करावी लागली. मला तो निर्णय पटतो. लोक नियम वाचत नाहीत हे वर्षानुवर्षे दिसत असताना केवळ नियमावर बोट ठेवून बसण्यात काही मोठेपणा नाही. २०१८ मध्ये तर त्याहून विचित्र गोष्ट पुढे आली. पोस्टग्रेस हा डेटाबेस एफसिंक फसले तर पुन्हा एफसिंक करून पाहत असे. उघडकीला असे आले की लिनक्समध्ये उतरवताना चूक झाली की कर्नल ती एकदा कळवतो आणि ती पाने ‘उतरवली’ अशा खुणेने मोकळी करतो. दुसऱ्यांदा विचारले तर तो सगळे ठीक असल्याचे सांगतो, कारण त्याच्या लेखी आता उतरवायचे काही बाकीच नसते. इतक्या जाणत्या लोकांनी इतकी वर्षे ज्या उत्तरावर विसंबून काम केले, त्या उत्तराचा अर्थ त्यांना वाटत होता तसा नव्हता. फेब्रुवारी २०१९ पासून पोस्टग्रेस एफसिंक फसले की पुन्हा विचारण्याच्या फंदात न पडता सरळ स्वतःला बंद करतो आणि आपल्या नोंदवहीवरून सगळे नव्याने उभे करतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले आणि पेठेतल्या दुकानांतल्या वह्या आणि संगणक सारखेच भिजले. हरिपूरकडची बरीचशी पेवे तर २००५ च्या पुरानेच निकामी केली होती. एफसिंकचे उत्तर ० आले तरी ते एका डिस्कपुरते असते, आणि डिस्क दुकानात असते, हे मी भाच्याला सांगितले; रोज रात्री फाइलची एक प्रत घरी न्यायची, एवढे त्याने कबूल केले.

आमचे अडले ते वेगळ्याच ठिकाणी. एफसिंकने उणे एक दिला तर पडद्यावर काय दाखवायचे? भाच्याने पहिल्यांदा ‘नोंद झाली नाही’ असे लिहिले. पण तेही खात्रीचे नव्हते: डिस्कवर काही भाग उतरला असेल, काही नसेल, आणि पोस्टग्रेसची कथा ऐकल्यावर पुन्हा विचारून पाहण्यातही अर्थ नव्हता. बराच वेळ खल करून त्याने संदेश बदलला: ‘नोंद झाली की नाही ते सांगता येत नाही. वहीत लिहा आणि प्रोग्रॅम बंद करा.’ जेवायच्या वेळी त्याने दाजींना फोन करून हे वाचून दाखवले. “शेतकरी समोर उभा असतो, त्याच्या देखत असलं दाखवतात होय? त्यापेक्षा ‘थोडं थांबा’ असं काहीतरी टाक,” असे त्यांचे म्हणणे पडले. थांबून काय होणार, असे याने विचारले, तर “काही होत नाही, पण ऐकायला बरं असतं,” असे उत्तर आले. दोघांचेही मला थोडे थोडे पटत होते, म्हणून मी मध्ये पडले नाही. भाच्याने आपला संदेश तसाच ठेवला आहे. डिस्क अजून धडधाकट असल्यामुळे दाजींनी तो पडद्यावर पाहिलेला नाही.